विशेषतः खोली क्रमांक सात

दौलत राऊळचं अक्षर मोत्यासारखं. घोडपदेवच्या आमच्या तुळसकर बिल्डिंगीत हे कुणीही सांगेल, आणि दौलत समोर असेल तर तो स्वतःच सांगेल. जिन्याखाली चाळीचा फळा आहे. पाणी कधी जाणार, टाकी कधी धुणार, कुणाचं दहावं कधी, हे सगळं गेली बावीस वर्षं त्या फळ्यावर दौलतच लिहीत आलाय. शीर्षकाला पिवळा खडू, मजकुराला पांढरा, आणि खाली 'हुकमावरून' एवढा एकच शब्द तिरका. हुकूम कुणाचा, हे विचारायची सोय नाही. सेक्रेटरी आहे वैभव, पण तो सव्वीस वर्षांचा पोरगा. त्याचं अक्षर डॉक्टरांसारखं, म्हणून तो फक्त मान हलवतो.

दौलत परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. वय एक्कावन्न, वरच्या मजल्यावर खोली क्रमांक एकोणीस. रोज इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. माणसाच्या आतलं आपल्याला बाहेरूनच कळतं, असं तो हसत हसत म्हणतो. मागच्या वर्षी त्याने गाडी घेतली. सेकंड हँड, पांढरी, चार दारांची. राऊळांच्या तीन पिढ्यांतली पहिली. चाळीच्या आवारात स्कूटर आणि बाइका बऱ्याच होत्या, गाडी ही एकच. त्यामुळे ती कुठे लावायची हा प्रश्न आला, तेव्हा दौलतने फळ्यावर लिहिलं, 'नळाशेजारील जागा वाहनांसाठी राखीव.' वाहनांसाठी, हं. अनेकवचन.

नळासमोरच खोली क्रमांक सात. तिथे गंगुबाई राहते. वय ऐंशीच्या पुढे, मालवणकडची, एकटी. नवरा मिलच्या संपानंतर चारच वर्षांत गेला. ती स्वतः मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती आणि दौलतचे वडील त्याच मिलमध्ये साच्यावर. साचा म्हणजे माग, मिलमध्ये त्याला साचाच म्हणायचे. दौलत तान्हा असताना त्याची आई आजारी पडली की तो गंगुबाईच्या मांडीवर असायचा. ती त्याला अजून 'झिला', म्हणजे पोरा, म्हणते आणि तो तिला मावशी म्हणतो. दिवसभर ती दारात बसून असते. दुपारी एकला आपलं जेवण झालं की अॅल्युमिनियमच्या ताटलीत भात आणि बोंबलाची डोकी कालवून नळापाशी ठेवायची. तीन मांजरं यायची, खायची, गाडीखाली सावलीला झोपायची. बॉनेटवर त्यांचे पाय उमटले की दौलत रुमालाने पुसायचा आणि गंगुबाईकडे बघून मोठ्याने सुस्कारा टाकायचा. याच्यापुढे कधी गेलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. दौलतने गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. आणि मग त्याला वडलांची आठवण झाली. संपाच्या आदल्या दसऱ्याला सात वर्षांच्या दौलतला वडील मिलमध्ये घेऊन गेले होते. त्या एका दिवशी कामगारांच्या बायकामुलांना आत सोडायचे. बंद साच्यांना हार घातलेले, सगळीकडे उदबत्तीचा वास. वडलांनी नारळाचं भकल, वर गुळाचा खडा, असं साच्याच्या कुशीत ठेवून हात जोडले होते. दौलतला ते इतकं भरून आलं की त्याने बॉनेट उघडलं, अर्ध्या नारळाच्या करवंटीला हळदकुंकू लावलं, आत गूळ ठेवला आणि ते भकल बॅटरीमागच्या खाचेत नीट बसवलं. गाडी चालताना पडू नये म्हणून वरून लाल-पिवळा धागाही गुंडाळला. हात जोडले, बॉनेट लावलं. डोळ्यांत पाणी होतं, ते मात्र खरं होतं.

आठवडा झाला असेल. मेहुणीच्या मुलीचं डोहाळजेवण दादरला होतं. दौलतची बायको सुनेत्रा पैठणी नेसलेली, मांडीवर ओटीचं ताट, मागे तिच्या दोन चुलत बहिणी. 'टॅक्सी कशाला, आपली गाडी आहे ना' म्हणून दौलतनेच सगळ्यांना गोळा केलं होतं. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला गाडीच्या काचेमागे एकदम सगळे दिवे लागले, मग सगळे विझले, आणि गाडी मेली. मागून बसवाला हॉर्न मारतोय, बाइकवाला जाता जाता "काका, धक्का मारा" म्हणतोय. शेवटी तीन बायका पदर खोचून गाडी ढकलतायत आणि दौलत आत स्टिअरिंग धरून बसलाय, असं ते लालबागने पाहिलं. त्यात मोगऱ्याचा गजरा विकणारी बाई म्हणाली, "साहेबांना पण उतरवा की."

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेल्या मुलाने सांगितलं, "सर, रॅट बाइट." उंदराने वायरी खाल्ल्या होत्या. वायरिंगचा अख्खा गुच्छा बदलायचा, अडतीस हजार. दौलतच्या विम्यात उंदीर बसत नव्हता. सुनेत्राच्या पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. ती "जाऊ दे, गाडी तर हवीच" म्हणाली, आणि ते तिने ज्या साध्या आवाजात म्हटलं त्याने दौलतला जास्त लागलं. आपल्या हौसेपायी बायकोने रस्त्यावर गाडी ढकलली आणि आता पाटल्याही गेल्या. ही लाज कुठेतरी टाकायला हवी होती. माणूस अशा वेळी जागा शोधतो, आणि नळापाशी ताटली दिसत होतीच.

त्याने गंगुबाईला काही विचारलं नाही. सरळ फळ्याकडे गेला. पिवळ्या खडूने 'सूचना'. मग लिहिलं: 'आवारात मांजरांना अन्न घालू नये. अन्नामुळे उंदीर येतात व वाहनांचे नुकसान होते. विशेषतः खोली क्र. ७ ने याची नोंद घ्यावी. हुकमावरून.' 'विशेषतः'खाली त्याने लाल खडूने रेघ मारली. विसर्ग असा गोल, टपोरा काढला की बघत राहावं. वैभव म्हणाला, "काका, नंबर नको ना टाकू, आज्जी आहे ती." दौलत म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा." आणि खडूचे हात झटकून कामाला गेला.

त्या दिवसापासून ताटली बंद झाली. गंगुबाई भांडली नाही, रडली नाही, दारात बसायची तशी बसली. पण चाळीला जीभ असते. नळावर बायका म्हणायला लागल्या, राऊळांचे चाळीस हजार बुडवले म्हातारीने. चाळिसाचे आठवड्यात साठ झाले. पोरांना तर नवा शब्द सापडला होता. गंगुबाई काठी टेकत निघाली की जिन्यावरून कुणीतरी ओरडायचं, "विशेषतः आली!" एकदा दौलतच्या कानावर ते आलं. तो ओरडला नाही. खरं सांगायचं तर त्याला थोडं हसू आलं.

दिवाळीत दरवर्षीसारखं गंगुबाईकडून फराळाचं ताट आलं. ओल्या नारळाच्या करंज्या, तिच्या हातच्या, वर क्रोशाचा रुमाल. ती स्वतः जिना चढून आली, ताट सुनेत्राच्या हातात दिलं आणि गेली. दौलतने करंजी तोंडात टाकत म्हटलं, "बघ, चूक कळली तिला. मी काही मनात ठेवत नाही." आणि दुसरी घेतली. सुनेत्रा ताट परत द्यायचं विसरली. रिकामं ताट परत देत नाहीत, आणि त्यात काय घालून द्यावं हे तिला सुचेना, असं ती नंतर म्हणाली.

तुळशीचं लग्न झालं आणि गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी आवारातच. पुन्हा त्या टायवाल्या मुलासमोर उभं राहायची दौलतची छाती नव्हती. माझगावला डॉकयार्डच्या बाजूला बुद्धभूषणचं गॅरेज आहे, तिथे गाडी ओढून नेली. बुद्धभूषण पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्याने बॅटरी काढली, टॉर्च मारला, हात खोल घातला आणि थांबला.

"काका, जरा इकडे या."

दौलत वाकला. बॅटरीच्या मागे, खाली घसरून, इंजिनाच्या कुशीत एक घरटं होतं. कापसाचे गोळे, कागदाचे तुकडे, वाळक्या झेंडूच्या पाकळ्या. मधोमध करवंटी, आतून चाटूनपुसून स्वच्छ. बाहेरून हळदकुंकवाची बोटं जशीच्या तशी, आणि कडेला लाल-पिवळा धागा.

"मांजर-बिंजर नाही हे," बुद्धभूषण म्हणाला. "उंदराला कोणीतरी जेवायला बोलावलंय. आधीच्यांनी वायर बदलली, खाली बघितलंच नाही. पण काका, हे इथे ठेवलं कोणी?"

दौलतला कानशिलं तापल्यासारखी झाली. "मुलांनी खेळताना ठेवलं असेल," तो म्हणाला. बुद्धभूषणने त्याच्याकडे पाहिलं, करवंटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली.

"तुमच्या देवाचं आहे. मी कसं कचऱ्यात टाकू? तुम्हीच बघा." दुरुस्तीचे त्याने बारा हजार सांगितले, आणि एक फुकटचा सल्लाही दिला. "दोन-चार मांजरं असतील ना आवारात, तर राहू द्या. उंदीर लांब राहतात."

ते पुडकं दौलतने ऑफिसच्या बॅगेत ठेवलं आणि चार दिवस ते तिथेच राहिलं. टाकायला धजावेना, कारण कुंकू लागलेलं. समुद्रात सोडायचं म्हटलं तर कुणीतरी बघेल. दुपारी डबा काढताना हाताला वर्तमानपत्र लागायचं आणि घास उतरायचा नाही. हॉस्पिटलात लोकांना "श्वास धरा, सोडा" सांगताना तो स्वतःच श्वास धरून उभा असायचा. चुकीने नारळ ठेवला, त्याची त्याला एवढी लाज नव्हती. तसा गाढवपणा कुणीही करेल. त्याला लाज वाटत होती ती त्या दुसऱ्या करंजीची. म्हातारी जिना चढून आली होती, आणि आपण तिला माफ केल्याच्या थाटात तिचीच करंजी खाल्ली होती. हे आठवलं की तो रस्त्यात चालता चालता 'छे' असं मोठ्याने म्हणायचा आणि लोक वळून बघायचे.

पाचव्या दिवशी सुनेत्राने बॅग झटकताना पुडकं उघडलं. करवंटीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही ठेवलेली?"

"हो."

"कोणाला सांगितलंत?"

"नाही. तूही बोलू नकोस. झालं ते झालं. फळा मी पुसून टाकतो गुपचूप."

सुनेत्राने आत जाऊन फडताळातून गंगुबाईचं ताट आणलं. त्यात मूठभर साखर घातली आणि त्याच्या हातात दिलं. "हे पोचवून या आधी," ती म्हणाली. "गुपचूप नको."

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. गंगुबाई दारातच होती. दौलत तिच्यासमोर उंबऱ्याशी उकिडवा बसला, ताट खाली ठेवलं, शेजारी पुडकं उघडं केलं. "मावशी, हे माझं," एवढंच म्हणाला.

गंगुबाईने करवंटी उचलून फिरवून बघितली. "माका माहीत होता," ती म्हणाली.

"काय?"

"तू ठेवलंस तेव्हा मी हयच बसललंय. दुसऱ्या दिवशी उचलशीत म्हटलंय, तर गाडी घेवन कामाक गेलंस."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू इचारलंस खय?" गंगुबाई म्हणाली. "तू लिवलंस."

ती पुढे म्हणाली, त्यात राग नव्हता, एखाद्या मुलाला पाढा चुकला तर सांगावं तसं सांगत होती. "नैवेद्य दाखवूचो आसता रे झिला, ठेवन देवचो नसता. तुझो बापूस दुसऱ्या दिवशी साचो चालू होवच्या आधी तो उचली आनी सगळ्या खात्याक वाटी. मिलीत उंदीर काय कमी होते? सूत कुरतडीत. तू ल्हान होतंस, तू ठेवताना बघितलंस. उचलताना तुका कोण न्हेतलो?"

एक्कावन्न वर्षांच्या माणसाला आपल्या बापाबद्दलची अर्धीच गोष्ट माहीत होती, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर त्याने एका बाईची अब्रू काढली होती. दौलतला रडू आलं. गंगुबाईने ते बघितलं नसल्यासारखं केलं आणि साखरेचं ताट आत नेऊन ठेवलं. तो म्हणाला, "उद्या सकाळी फळ्यावर लिहितो, मावशी." ती म्हणाली, "लिव."

सकाळी पाणी यायच्या आधी तो जिन्याखाली गेला. जुनी सूचना पुसली. मग एका कोपऱ्यात, नेहमीच्या निम्म्या आकाराच्या अक्षरात लिहिलं: 'पूर्वीच्या सूचनेतील काही मजकूर गैरसमजातून लिहिला गेल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांना झालेल्या तसदीबद्दल दिलगिरी. हुकमावरून.' लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. नळावर बादल्या लागत होत्या. कुणी वाचायच्या आधी तो वर सटकणार, तोच काठीचा आवाज आला.

गंगुबाई फळ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय लिवलंस?"

"तेच, मावशी. काल म्हटलं ते."

"वाच."

"इथे लिहिलंय ना."

"माका वाचूक येता खय? आदीचा पोरांनी वाचून दाखवल्यानी. ह्या तू वाच. मोठ्यान."

नळावरच्या बायका वळल्या. दूध आणायला निघालेला वैभव थांबला. शाळेच्या गणवेशातली तीन पोरं जिन्यावर बसली. दौलतने घसा साफ केला. "पूर्वीच्या सूचनेतील काही मजकूर गैरसमजातून लिहिला गेल्याचे..." इथपर्यंत आला आणि आपलाच आवाज त्याच्या कानावर पडला. लिहिला गेल्याचे. कुणी लिहिला? संबंधितांना. कोण संबंधित? गंगुबाई मान वर करून ऐकत होती, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळू नये म्हणूनच त्याने मजकूर तसा लिहिला होता. दौलत थांबला. मग त्याने तळहाताने तो कोपरा पुसला, पिवळा खडू बाजूला ठेवला आणि फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहायला लागला. ओळ खाली उतरत गेली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. लिहिता लिहिताच तो वाचत होता.

"माझ्या गाडीत मीच नारळ ठेवला. उंदीर त्यामुळे आला. गंगुबाईंच्या मांजरांचा काही दोष नव्हता. मी त्यांना न विचारता त्यांच्या खोलीचा नंबर फळ्यावर घातला. चूक खोली क्रमांक एकोणीसची आहे." खडू मोडला. दुसरा तुकडा घेऊन त्याने शेवटची ओळ लिहिली आणि तीही मोठ्याने वाचली. "विशेषतः दौलत राऊळची."

'हुकमावरून' त्याने लिहिलं नाही. कुणी हसलं नाही. जिन्यावरचं एक पोरगं हसायला आलं होतं, त्याला वैभवने डोळ्यांनीच दाबलं. नळ आला, एक बादली भरून वाहायला लागली, तरी कुणी हललं नाही. दौलत लोकांकडे पाठ करून फळ्याशी उभा होता, आणि वळायचं कसं ते त्याला कळत नव्हतं. हा मजकूर आता महिनाभर इथे राहणार, आपण रोज कामावर जाता-येता याच्यापुढून जायचं, हे त्याने मनाशी कबूल करून टाकलं होतं. मावशीचा नंबर पाच आठवडे होता.

गंगुबाईने काठीचं टोक त्याच्या पायाला लावलं.

"दाखवलंस मा?" ती म्हणाली. "आता उचल. ठेवन दिलंस तर उंदीर लागतले."

दौलतने डस्टर शोधला, तो नेहमीच्या जागी नव्हता. मग त्याने इस्त्रीच्या शर्टाची बाही खाली ओढली आणि त्या बाहीनेच सगळा फळा पुसून काढला.